तोंड फाटकाकडे

विष्णू तुकाराम जाधव, सूत खातं, इंदूरची एक बंद पडलेली कापड गिरणी. यांच्यावर अन्याय झाला तो त्यांच्या तेराव्याच्या दिवशी, दुपारी, घरात पंगत बसलेली असताना. वाढणारे पुऱ्यांची परात घेऊन दुसऱ्यांदा फिरत होते. तेवढ्यात समोरच्या गिरणीच्या फाटकावरचा कर्णा खरखरला आणि कंपनीचा माणूस त्यातून बोलला: अमुक अमुक कामगार स्वखुशीने नोकरी सोडून गेले आहेत, बाकीच्यांनीही शहाणपण करावं. त्या अमुक अमुकमध्ये विष्णू जाधव हे नाव होतं. जाधवांची खोली फाटकासमोरच्या चाळीत. पंगतीतल्या प्रत्येकाने ते ऐकलं. ज्यांच्या नावाचा घास काढून ठेवला होता, ते उत्तर द्यायला उठून येणार नव्हते.

मी तेव्हा तिथं नव्हते. मी सोलापूरची. इंदूरला गेले ती त्यानंतर, भाद्रपदात, गणपती बसलेले असताना, छापलेल्या सावल्या आणायला.

हे जरा नीट सांगते. आमच्या युनियनच्या ऑफिसात बातमी आली होती की इंदूरला चित्रकलेच्या एक शिक्षिका धरण्यावर बसलेल्या कामगारांच्या सावल्या कागदावर गिरवतात, मग कामगारांकडूनच त्या लिनोलियमवर कापून घेतात आणि काळ्या शाईत छापतात. लिनोलियम म्हणजे जुन्या दवाखान्यांत नि बँकांत जमिनीवर अंथरतात ना, ते जाड गुळगुळीत कापड. त्यावर चाकू छान चालतो. बाजूचं सगळं खरवडून काढायचं, माणूस तेवढा वर ठेवायचा, वर ठेवलेल्याला शाई लावायची, कागद दाबायचा. डोळे नाहीत, मिशी रंगवलेली नाही, नुसता कडेने कापलेला काळा माणूस. असा एक संच बाई आम्हाला द्यायला तयार होत्या.

आमच्याही गिरणीची चिमणी थंडच आहे. मी पत्रकं लिहिते, फाटकावर वाचून दाखवते, मोर्च्यात पुढे ओरडते. त्या वर्षी ओरडून ओरडून माझा घसा इतका बसला होता की आईशी बोलतानासुद्धा हवाच बाहेर यायची. म्हटलं, आता थोडं चित्रांनी ओरडावं.

मल्हारगंज

खांडव्यापासून पुढची छोटी गाडी, घाट, महूच्या स्टेशनावर मिलिटरीच्या ट्रंकांवर टेकून घेतलेला चहा, हे सगळं गाळते. त्यात सांगण्यासारखं एवढंच की डब्यातल्या सगळ्यांनी मला सोलापूरला काय मिळतं ते विचारलं, मी चादरी म्हटलं, आणि सगळ्यांनी एकसुरात ‘अच्छा, चद्दर’ म्हणून मान हलवली. आमची गिरणी बंद आहे हे सांगायचा मला कंटाळा आला.

त्या शिक्षिका, शुभदाताई, मल्हारगंजात एका मसाल्याच्या दुकानावर भाड्याच्या दोन खोल्यांत राहतात. जिना इतका अरुंद की पिशवी डोक्यावर घ्यावी लागली. वर पोचेपर्यंत धणे-जिऱ्याच्या वासाने मला शिंका सुरू. दार उघडलं ते पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, नखांत काळी शाई बसलेल्या बाईंनी.

“सोलापूर का? ये. आधी पोहे खा, मग क्रांती.”

पोह्यांवर शेव, शेवेवर जिरावण नावाचा आंबटतिखट मसाला, शेजारी जिलबी. सकाळी सकाळी, एकाच बशीत. आमच्याकडे शेंगाची चटणी नि कडक भाकरी पुढे आली की माणूस मुकाट्याने खातो. इथं आधी शेव आवडली का, बारीक हवी की जाड हवी, यावर चर्चा होते. मला चर्चेची ताकद नव्हती. दोन्ही घेतल्या.

ताईंचे आजोबा होळकर दरबारात कारकून होते. त्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवतात. घरात दोरीवर कपड्यांऐवजी कागद वाळत होते, आणि त्या कागदांवर माणसं. मी उभी राहून बघतच राहिले. नाक, ओठ, हनुवटी, गळ्याची घाटी, कानामागे खोचलेली विडी. एकाची टोपी मागे कललेली. एकाला हनुवटीच नाही, गळा सरळ ओठापासून सुरू. काळ्या डागाला इतकं वय असू शकतं, हे मला माहीत नव्हतं.

“फोटो का नाही काढले?” मी विचारलं.

“काढायचे होते. पण बंदच्या पहिल्या आठवड्यात कंपनीने मंडपाचे फोटो काढवले आणि चेहरे ओळखून ओळखून घरोघरी नोटिसा पाठवल्या. त्यानंतर कॅमेरा दिसला की लोक तोंडावर गमछा घ्यायचे. मग मी म्हटलं, सावली देता का? त्यावर बद्रीभिया म्हणाले की हां, ये चलेगी. साया पुलिस नहीं पहचानती, घरवाली पहचान लेती है.”

बद्रीभिया म्हणजे बद्रीलाल, घडी खात्यातला जुना माणूस. कापडाच्या ताग्यांना घड्या घालून गिरणीचं लेबल चिकटवायचं, हे त्याचं आयुष्यभराचं काम. अख्ख्या इंदूरात प्रत्येकजण दुसऱ्याला ‘भिया’, म्हणजे भैया, म्हणतो, पण बद्रीला बायकोसुद्धा भिया म्हणते असं ताई म्हणाल्या. मी ते तपासलं. खरं आहे.

मी आल्या आल्या माझं म्हणणं मांडलं. वीसेक माणसांच्या वीस सावल्या कशाला? एकच घ्या, त्यातली जोरदार, मोठी करा, खाली ‘कामगार’ लिहा. आमच्या पत्रकावर तीच जाईल.

ताईंनी शाईचा रूळ खाली ठेवला.

“तुमच्या पत्रकांत सगळ्यांना एकच नाक असतं,” त्या म्हणाल्या. “वर्गातल्या मुलींना ‘मजूर’ काढा म्हटलं की त्या तेच नाक काढतात. मी आता विटले त्या नाकाला.”

मला राग आला. पण प्रवासाने इतकी दमले होते की रागावण्याआधीच झोप लागली.

फाटक

दुसऱ्या दिवशी माप घ्यायला फाटकावर गेलो. बेत असा होता: अनंत चतुर्दशीला संध्याकाळी झांकी निघायच्या वेळी सगळ्या सावल्या फाटकाशेजारच्या भिंतीवर ओळीने चिकटवायच्या. आपल्याकडे अनंत चतुर्दशी म्हणजे विसर्जन. इंदूरला ती गिरण्यांची. प्रत्येक गिरणीचे कामगार रोषणाईचे हलते देखावे करतात आणि ते गाड्यांवर घालून शहरभर मिरवतात. गिरणी चालू असताना कंपनी खर्च करायची. आता गिरणी बंद, पगार बंद, कामगार देशोधडीला, आणि झांकी चालू. मी विचारलं, हे कशासाठी? बद्रीभियाने माझ्याकडे असं बघितलं की मी जणू विचारलंय, श्वास कशासाठी.

“बेटा, मिल सेठ की थी. झांकी अपनी है.”

फाटकाच्या उजव्या हाताला लांबच लांब भिंत आहे. डाव्या हाताची भिंत केव्हाच पाडलीय. तिथं पत्रे ठोकलेत आणि पत्र्यांवर येऊ घातलेल्या शॉपिंग कॉम्प्लेक्सचं चित्र: काचेची इमारत, पुढे कारंजं, कारंज्यापाशी एक गोरं कुटुंब. इंदूरात असली माणसं मला कुठं दिसली नाहीत, पण पत्र्यावर होती. त्या पत्र्यांपुढे खाजगी रखवालदार बसतो, हात लावू देत नाही. म्हणून उजवी भिंत.

धरण्याचा मंडप समोरच. ताडपत्रीला ठिगळं, त्याला आणखी ठिगळं. आत कोणी घोषणा देत नव्हतं. एकजण कानात तेल घालून आडवा पडला होता, दोघं पत्ते पिसत होते, वाटत मात्र नव्हते. आमच्या मंडपात शेवटी शेवटी अगदी असंच व्हायचं.

बद्रीभियाने पहिली सावली भिंतीला धरली, त्याची स्वतःचीच. मग दुसऱ्याने दुसरी. मग तिसरी. रस्त्यापलीकडचा चहावाला कपबशा विसळता विसळता बघत होता. तो ओरडला:

“ओ भिया! ये सब के सब बस पकड़ने जा रिये हैं क्या?”

सगळे हसले. मीसुद्धा हसले. आणि मग एकेकाचं हसू थांबलं, कारण त्यांना ते दिसलं. बस स्टँड उजवीकडे, फाटक डावीकडे. आणि सावल्या सगळ्या उजवीकडे बघत होत्या. जी माणसं वर्षभर फाटकाकडे तोंड करून बसली, ती फाटकाला पाठ दाखवून चालली होती.

“मी तर डावीकडे तोंड करून बसलो होतो,” कानात तेलवाला उठून म्हणाला. “ताईंनीच बसवलं होतं, कंदिलासमोर.”

सगळ्यांनी शुभदाताईंकडे पाहिलं. ताईंनी बद्रीभियाकडे.

“छापताना उलटं उमटतं,” ताई म्हणाल्या. “शिक्का असतो तसं. म्हणून गिरवलेला कागद पालथा चिकटवायचा आणि मग कापायचं. मी देपालपूरला परीक्षा घ्यायला गेले होते दोन दिवस. सांगून गेले होते की मी येईपर्यंत थांबा.”

“अरे तो थांबायचं कशाला?” बद्रीभिया भडकला. रागात तो अर्धा मराठीत येतो. “अपन ने जिंदगीभर लेबल चिपकाया. सेठचा छाप वर, गोंद खाली. लेबल उल्टा कौन चिपकाता है? उल्टा चिकटवला असता तर सुपरवायझरने दिवसभराची रोजी कापली असती!”

घडी खात्याच्या माणसांनी उत्साहात एका रात्रीत सगळ्यांच्या सावल्या लेबलासारख्या सुलट चिकटवल्या होत्या. अगदी सफाईने, कुठं फुगा नाही, सुरकुती नाही.

“तुम्ही आल्यावर तरी सांगायचं,” मी ताईंना म्हटलं.

“सांगायला हवं होतं. अर्धं कापून झालं होतं गं. मला वाटलं, सावली आहे, कुठंही बघेल. कंटाळले होते.” त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला आणि परत घातला नाही.

मग ठरलं ते असं. सगळ्यांनी पुन्हा कंदिलासमोर बसायचं, पुन्हा गिरवायचं, या वेळी पालथं चिकटवायचं, नव्याने कापायचं. चतुर्दशीपर्यंत होईल. लिनोलियम कुठून आणायचं? एक टॉकीज मोडत होती, तिच्या बाल्कनीत भरपूर पडलंय, असं कोणी म्हणालं.

“आणि विष्णूभियाचं?” पत्ते पिसणाऱ्याने विचारलं.

विष्णू जाधव आता कंदिलासमोर बसू शकत नव्हते.

“राहू दे त्यांचं,” एकजण खालच्या आवाजात म्हणाला. “तसंही कंपनी सांगत होती की...”

वाक्य त्याने पुरं केलं नाही, कारण मंडपाच्या कोपऱ्यात कमलाबाई बसल्या होत्या. मला तोवर कळलंच नव्हतं की त्या आहेत. जाडसर, गहू निवडत असलेल्या, कपाळ मोकळं. विष्णूंची बायको. त्यांनी सूप बाजूला ठेवलं.

“बोल ना,” त्या म्हणाल्या. “काय सांगत होती कंपनी?”

“काही नाही, भाभी.”

“तेराव्याला माझ्या दारात सगळे जेवत होते. कर्ण्यावर नाव आलं तेव्हा पुरी तोंडात होती सगळ्यांच्या. एकानेही उठून म्हटलं नाही की खोटं आहे. का? तर शेवटचे दिवस ते मंडपात येत नव्हते. घरी ताप होता, ये सबको मालूम आहे. तरी प्रत्येकाच्या मनात आलं, काय माहीत बुवा, कंपनीचे पैसे घेतले असतील, राजीनाम्यावर केली असेल सही.” त्या उठल्या. “आता तुम्ही सगळे फाटकाकडे बघणार आणि एकटे हे बस स्टँडकडे? तसं लावू नका. की तुमचं म्हणणं, गाळूनच टाकू? गाळलं तर कंपनीचंच खरं झालं. मला काही नको तुमच्याकडून. ह्यांचं तोंड बरोबर लावा, बस्स.”

मी पुढे झाले. माझी सवयच ती. म्हटलं, “काकू, सोपं आहे. छापलेली सावली खिडकीच्या काचेला लावायची, मागून गिरवायची, दुसऱ्या कोणाकडून नवी कापून घ्यायची.”

“दुसऱ्या कोणाकडून?”

“बद्रीभिया कापतील.”

“पोरी, ही त्यांनी कापलीय,” कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी पिशवीतून लिनोलियमचा तुकडा काढला. तो त्या सोबत घेऊन फिरत होत्या. हनुवटीखाली एक खाच होती तिथं बोट ठेवलं. “इथं चाकू घसरला. अंगठा कापला. मीच हळद दाबली. दोन दिवस माझ्यावर चिडले, जसा काही चाकू मी घसरवला. दुसऱ्याचा हात लावायचा नाही याला.”

मी दुसरी शक्कल काढली: पातळ कागदावर छापू आणि कागद पालथा लावू, मागून दिसेल.

“म्हणजे तोंड भिंतीला?”



वाटीचं बूड

पुढचे दिवस कापण्यात गेले. टॉकीजच्या बाल्कनीतून आणलेल्या लिनोलियमला विड्यांचा आणि शेंगदाण्यांचा वास होता, आणि एका तुकड्यावर कोणीतरी बदामात दोन नावं कोरली होती. तो तुकडा कोणाच्या सावलीला द्यायचा यावर बराच वाद झाला. शेवटी कानात तेलवाल्याला मिळाला, कारण त्याचं लग्न झालेलं नव्हतं. माणसं मंडपात ओळीने बसून खरवडत होती. लूम चालवलेली बोटं, घड्या घातलेली बोटं. सुरुवातीला चेष्टामस्करी झाली, एकमेकांच्या नाकांवर शेरे मारून झाले. मग नुसता खर्र खर्र आवाज. उकडत होतं. पाऊस येतो येतो म्हणायचा आणि पुढे जायचा.

एका दुपारी घसा इतका सुकला की मी चौकात जाऊन शिकंजी मागितली. आपल्याकडे शिकंजी म्हणजे लिंबू सरबत, नाही का? पुढे आला तो आटवलेल्या दुधाचा पेला, वर काजू-पिस्ता-केशर, चमच्याने खावं लागेल इतका घट्ट. मी म्हटलं, ही शिकंजी नाही. दुकानदार म्हणाला, “दीदी, इंदौर में यही है.” प्यायले. ओरडून बसलेल्या घशाला दूध उतरलं, आणि मी मुकाट दुसरा पेला मागवला. बाहेर शीतपेयांच्या कंपनीची नवी लाल पाटी लागत होती, सबंध दुकानाच्या रुंदीची. दुकानाचं नाव त्या पाटीच्या कोपऱ्यात, मुंगीएवढं.

त्या दिवशी संध्याकाळी वर आले तर कमलाबाई ताईंच्या खोलीत जमिनीवर बसलेल्या. समोर भुट्ट्याचा कीस. कोवळी मक्याची कणसं किसून दुधात शिजवतात, हिरवी मिरची, वरून खोबरं. घरून करून आणला होता त्यांनी. त्यांना ताईंवर राग होता की नव्हता मला कळेना. राग असला तरी इंदूरात तो रिकाम्या हाताने आणत नसावेत.

ताई खाता खाता थांबल्या.

“कमलाताई, एक करून बघायचं? त्यांनी कापलेल्याला हात नाही लावणार मी. पण छापलेल्यावरून छापायचं.”

“म्हणजे कसं?”

“त्यांच्या तुकड्याला भरपूर शाई लावायची. कागदावर उमटवायची. शाई ओली आहे तोवर त्या कागदावर दुसरा कागद ठेवायचा, ओलसर, आणि घासायचं. उलट्याचं उलट होतं. तोंड फाटकाकडे येईल. पण एक आहे, फिकट येईल. पहिला कागद बरीचशी शाई पिऊन टाकतो. बाकीचे काळे कुळकुळीत असणार, आणि हे...”

“करा,” कमलाबाई म्हणाल्या.

ताईंकडे छापायचं यंत्र नाही. स्टीलच्या वाटीचं बूड आहे, आमटीच्या. कागद वर ठेवून वाटीच्या बुडाने गोल गोल दाबत घासायचं. कमलाबाईंनी तुकडा हातातून सोडण्याआधी पदराने पुसला. ताईंनी रूळ फिरवला. पहिला कागद उमटला: गच्च काळे, ओले, उजवीकडे बघणारे विष्णू. नाकाच्या मध्यावर उंचवटा. टोपीची कड. हनुवटीखाली खाच.

त्यावर दुसरा कागद ठेवला आणि वाटी माझ्या हातात दिली, कारण ताईंचा खांदा दुखत होता. मी मोर्च्यात फलक धरते तशी ताकद लावली. कागद सरकला. उचलून पाहिलं तर दोन नाकं, दोन हनुवट्या, जणू माणूस मान झटकून नाही म्हणतोय.

कमलाबाईंकडे बघवेना.

“दोन दोन झाले,” त्या म्हणाल्या. “एकाला सांभाळता सांभाळता माझा जीव गेला होता.” आणि त्या हसल्या. मी तिथं पोचल्यापासून पहिल्यांदा. मग म्हणाल्या, “सरक. मी घासते. भांडी घासायला तुझी युनियन शिकवत नाही वाटतं.”

पुन्हा शाई. पुन्हा ओला कागद. ताई चारही कोपरे बोटांनी धरून बसल्या, मी श्वास धरून बसले, आणि कमलाबाई वाटी फिरवू लागल्या. कपाळापासून सुरुवात. नाकाशी हलक्या हाताने. ओठांखाली थांबून, बोटाने चाचपून. हनुवटीच्या खाचेपाशी वाटीची कड लावून. खाली मसाल्याच्या दुकानात मिरची कुटत होते, तो ठोका जिन्यातून वर येत होता.

ताईंनी कागद सोलला.

विष्णू डावीकडे बघत होते. पण काळे नव्हते. राखाडी, आणि त्यातही सगळीकडे पांढरे बारीक ठिपके, शाई जिथं चढलीच नाही तिथं. कडा मऊ. केसांवर, टोपीवर, खांद्यावर पांढरट धूळ बसावी तसे.

“फारच फिकट आलं,” ताई म्हणाल्या. “आणखी एकदा करू. शाई वाढवते.”

“नको,” कमलाबाई म्हणाल्या. त्यांनी कागद उजेडाकडे नेला. मग म्हणाल्या, “सूत खात्यातून घरी यायचे ना, तेव्हा असेच दिसायचे. सगळ्या अंगावर रुई. भुवयांवर सुद्धा. मी दारातच उभं करायची, पंच्याने झटकायची, मग आत घ्यायची.” त्यांनी हात वर केला, अगदी कागदापर्यंत नेला, पण शाई ओली होती म्हणून लावला नाही. “हेच लावा.”

अनंत चतुर्दशी

भिंतीवर खळ लावायचं काम अर्थातच घडी खात्याचं. बद्रीभियाने प्रत्येक कागद चिकटवण्याआधी मोठ्याने विचारलं, “मुँह किधर?” आणि मंडपातून उत्तर आलं, “गेट जिधर!” चहावाल्याने सगळ्यांना चहा दिला आणि बस पकडायची चेष्टा परत केली नाही. सावल्या ओळीने लागल्या. प्रत्येकाखाली ताईंनी कुंचल्याने पूर्ण नाव आणि खातं लिहिलं. वीसेक काळी नाकं, एकही दुसऱ्यासारखं नाही, सगळी डावीकडे, बंद फाटकाकडे. विष्णू फाटकाच्या सगळ्यांत जवळ. ते कमलाबाईंनी ठरवलं.

संध्याकाळ होत होती. झांकी सुदामा-कृष्णाची होती, सुदाम्याचा हात मोटरवर वरखाली व्हायचा, मधेच अडकायचा, मग कोणीतरी त्याला चापट मारायचं. ट्रॅक्टर सुरू झाला. मंडळाच्या कर्ण्यावर आरती झाली. गाडी हलणार, तेवढ्यात कमलाबाई पुढे आल्या आणि बद्रीभियाला म्हणाल्या:

“कर्ण्यावर सांगितलं होतं त्यांनी. कर्ण्यावरच सांगा.”

बद्रीभियाने माइक घेतला. माझ्याकडे बघितलं. मी भाषण करणारी, मला खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली. माझं ते काम नव्हतं. मी त्या पंगतीत नव्हते.

“विष्णू तुकाराम जाधव,” तो म्हणाला. आवाज थकलेला, सपाट. “सूत खाता. ये कहीं नहीं गए थे. बुखार में घर पर थे. सही नहीं की. मैं उनकी तेरहवीं में था, मैंने सुना, और मैं पूरी खाता रहा.” ट्रॅक्टरकडे वळला. “बस इतना ही. गाड़ी बढ़ाओ.”

त्याने माइक ठेवला. मग ज्याने ‘कंपनी सांगत होती’ म्हटलं होतं, त्याने तो उचलला. “मैं भी था,” एवढंच म्हणाला. मग आणखी एकाने. फाटकाच्या आतून काही उत्तर आलं नाही. रखवालदार पत्र्यांपुढे तंबाखू मळत होता, मळत राहिला. झांकी गेली. सुदाम्याचा हात वळणावर परत अडकला.

कमलाबाई गेल्या नाहीत. भिंतीला टेकून बसल्या, त्यांच्या डोक्यावर ते.

मी दुसऱ्या दिवशी निघाले. संच गुंडाळीत, वर प्लॅस्टिक. त्यात दोन नाकांचे विष्णूसुद्धा आहेत, ताईंनी माझ्या नकळत घातले. न्याय झाला का? नाही. गिरणी उघडली का? नाही. कंपनीने कर्ण्यावरचं मागे घेतलं का? नाही. मी ज्या फाटकावर गेले होते, ते मी निघाले तेव्हा तसंच बंद होतं, आणि आमचं सोलापूरचंही. इतक्या दिवसांनी मला एवढंच खात्रीने सांगता येतं की एका माणसाबद्दल एक खोटं होतं, आणि ज्यांनी ते गिळलं होतं त्यांनी ते चारचौघांत बाहेर काढलं.

आता तुम्ही. तुमच्या गल्लीत बंद गिरणीतला माणूस आहे. नाही म्हणू नका, आहे. तो ‘स्वखुशीने गेला’ असं तुम्ही कुठंतरी वाचलंय, ऐकलंय, आणि पुढचा घास घेतलाय. आज संध्याकाळी त्याच्याकडे जा. त्यालाच विचारा, सही केलीस का, आणि केली असलीच तर कोणी करायला लावली. मग दिवा लावा, त्याला बसवा, कागद धरा, सावली गिरवा. कापायचं त्याला स्वतःला कापू द्या, अंगठा कापला तर हळद लावा. खाली पूर्ण नाव घाला, खातं घाला, आणि गिरणीच्या भिंतीवर चिकटवा. आणि कापण्याआधी कागद पालथा करायला विसरू नका. तोंड फाटकाकडेच आलं पाहिजे.